समुपदेशन सुरू करण्याआधी: आधी काय, नंतर काय, आणि लोक कुठे चुकतात

समुपदेशन केंद्रात येणारा पहिला फोन घेण्याचं काम मी करते. समोरून बहुतेक वेळा दोनच प्रश्न येतात: ‘फी किती?’ आणि ‘किती सिटिंगमध्ये बरं वाटेल?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आपण कुणाकडे चाललोय, त्या व्यक्तीचं शिक्षण काय आणि आपल्याला नक्की काय हवंय, हे त्याआधी ठरायला हवं. तिथेच गडबड होते. मग दोन भेटींनंतर माणूस येणं बंद करतो आणि ‘काउन्सेलिंगचा काही उपयोग नाही’ असं सगळ्यांना सांगतो. हे फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या अनेकांना उपयोग झाला असता. म्हणून हा क्रम लिहून काढते आहे.

१. आधी बघा, थांबायला वेळ आहे का

समुपदेशनाची पहिली वेळ मिळायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. काही परिस्थितींत तेवढं थांबायचं नसतं:

- जीव द्यायचे विचार येत आहेत, त्याची तयारी चालू आहे, किंवा स्वतःला इजा केली आहे
- कुणी नसताना आवाज ऐकू येतात, ‘सगळे माझ्या मागावर आहेत’ अशी खात्री वाटते
- कित्येक रात्री झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं आणि पैसे उडवणं थांबत नाही
- बाळंतपणानंतर आई गोंधळलेली, असंबद्ध बोलते आहे
- रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली आहे आणि हात थरथरत आहेत, घाम फुटतो आहे, किंवा झटका आला आहे

अशा वेळी थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जा. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२. केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

सावधान: घरातल्या कुणी मरणाची भाषा केली तर त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा घरातून हलवा. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते.

२. शरीर तपासून घ्या

थायरॉइड कमी असेल तर उदासी, सुस्ती, वजनवाढ दिसते. जास्त असेल तर धडधड, घाम, चिडचिड. हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस गळून जातो. आधीच चालू असलेलं एखादं औषध, विशेषतः स्टेरॉइड, मनःस्थिती बदलू शकतं. फॅमिली डॉक्टरांना लक्षणं सांगा आणि कोणत्या तपासण्या करायच्या ते त्यांना ठरवू द्या. छातीत दुखत असेल तर ‘टेन्शनमुळे असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका, आधी ईसीजी काढा. रिपोर्ट आले की एका फाइलमध्ये लावा, ते पुढे मागितले जातात.

३. एक पान लिहा

हे काम सगळे टाळतात, आणि सगळ्यात जास्त फायदा यानेच होतो. ‘मला डिप्रेशन आहे’ एवढ्यावर ऐकणाऱ्याला फारसं काही कळत नाही. खाली एक नमुना देते. माणूस काल्पनिक आहे, तपशील किती बारीक हवा ते दिसावं म्हणून:

‘गणपतीनंतर सुरू झालं. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. लोकलमध्ये दादरला गर्दी चढली की श्वास अडकल्यासारखं होतं, हात गार पडतात, मी उतरून जातो. आठवड्यातून दोनदा तरी ऑफिसला उशीर. क्रिकेट खेळायचो, बंद केलं. रात्री दोन पेग घेतो, त्याशिवाय झोप लागत नाही. बायकोला उशिराचं कारण वेगळंच सांगतो.’

एवढ्या मजकुरावर तज्ज्ञ पहिल्याच भेटीत कामाला लागू शकतो. तुमच्या पानावर या गोष्टी आल्या आहेत का ते पाहा: नेमकं काय होतं, केव्हापासून, त्यामुळे काय करायचं सुटलं, आतापर्यंत काय करून पाहिलं. त्याखाली चालू औषधं, आधी घेतलेले मानसिक उपचार आणि रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास होता का, हेही लिहा.

शेवटी एक वाक्य: तीन महिन्यांनी काय बदललेलं दिसायला हवं? ‘लोकलने उतरून न जाता चर्चगेटपर्यंत जाता यावं’ हे चालेल. ‘सासूबाईंनी सुधारावं’ हे चालणार नाही, कारण खोलीत सासूबाई नसतील. त्याऐवजी ‘त्या बोलल्या की माझा अख्खा दिवस जातो, तो जाऊ नये’ असं लिहिता येतं.

तपासून पाहा: पानावर एखाद्या आजाराचं नाव तुम्हीच लिहून टाकलंय का? खोडा, त्याजागी काय होतं ते लिहा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी गेल्या दोन आठवड्यांची उदासी मोजते आणि ती मराठीतही आहे. ती भरून तारखेसह ठेवलीत तर पुढे तुलना करता येईल. मात्र तिच्या गुणांवरून निदान होत नाही, ते तज्ज्ञच करतात.

४. कुणाकडे जायचं ते ठरवा

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. पाटीवर ‘समुपदेशक’ लिहिलेल्या माणसामागे एमडी झालेला डॉक्टर असू शकतो आणि दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्रही असू शकतं.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. इथे सांगितलेल्या तीन प्रकारच्या तज्ज्ञांपैकी औषध तेच लिहून देऊ शकतात. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या, निदानाला मदत आणि मानसोपचार, म्हणजे बोलण्यातून केली जाणारी थेरपी, हे त्यांचं काम. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर जुळवून पाहा. विचारल्याचा राग येण्याचं काहीच कारण नाही.

समुपदेशक किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट यांचं चित्र अजून तेवढं स्पष्ट नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात त्यांचा समावेश आहे, पण प्रत्यक्ष नोंदणीची व्यवस्था अजून रुळलेली नाही. म्हणजे चौकशी तुम्हालाच करायची आहे. मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी आहे का, मानसोपचाराचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: ‘तुमच्या कामावर देखरेख कोण करतं?’ चांगला समुपदेशक वरिष्ठांशी आपल्या केसेसवर नियमित चर्चा करतो आणि तसं मोकळेपणाने सांगतो.

देखरेखीवर एवढा जोर का देते, त्याला आधार आहे. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला होता. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं, देखरेख ठेवली, आणि त्यांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचं समुपदेशन दिलं. ते परिणामकारक ठरल्याचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रशिक्षण ठरावीक होतं आणि मागे जाणती माणसं होती, म्हणून ते जमलं. ‘मला माणसांचं मन कळतं’ एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या दुकानांची गोष्ट वेगळी.

मग आधी डॉक्टर की सायकॉलॉजिस्ट? माझा साधा नियम असा आहे: झोप, जेवण आणि रोजचं काम यांतल्या दोन गोष्टी कोलमडल्या असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञ. नाहीतर समुपदेशनाने सुरुवात करायला हरकत नाही, गरज वाटल्यास ते स्वतःच डॉक्टरकडे पाठवतील. दोन्ही एकत्र चालणं अगदी नेहमीचं आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना जास्त. ‘आठ दिवस घेतल्या, काही झालं नाही’ म्हणून त्या सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची मनोविकार ओपीडी आणि जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. सरकारी ओपीडीत डॉक्टरांपुढे रांग असते आणि केस पेपरमागे थोडी मिनिटंच मिळतात. तिथे ‘सायकॉलॉजिस्टची वेगळी वेळ मिळेल का?’ हे स्वतःहून विचारा. न विचारणारे फक्त गोळ्या घेऊन घरी येतात.

सावधान: नात्यातल्या, मैत्रीतल्या किंवा आपल्याला शिकवणाऱ्या व्यक्तीकडे थेरपीला जाऊ नका, ती कितीही हुशार असली तरी. पुढच्या लग्नकार्यात ती समोर येणार आहे, हे मनात असताना खरं बोलणं होत नाही. तालुक्याच्या गावी सगळेच ओळखीचे असतील तर ऑनलाइन किंवा शेजारच्या जिल्ह्यातली व्यक्ती बघा.

५. वेळ घेण्यापूर्वीचा फोन

पाच-सात मिनिटांत हे विचारून होतं:

- भेट किती मिनिटांची? (साधारण ४५ ते ६० असते.)
- फी किती, आणि भेट रद्द करायची तर किती आधी कळवायचं?
- माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही काम केलं आहे का, कोणत्या पद्धतीने करता?
- मराठीत बोलता येईल ना?
- दोन भेटींच्या मध्ये फारच बिघडलं तर काय करायचं?

मराठीचा प्रश्न संकोच न करता विचारा. भांडणं ज्या भाषेत झाली, त्याच भाषेत ती सांगताना काही गाळलं जात नाही.

‘शंभर टक्के गुण’, ‘तीन सिटिंगमध्ये गॅरंटी’, ‘आजच पॅकेजचे पूर्ण पैसे भरा, सवलत मिळेल’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. समलैंगिकता ‘बरी करून देतो’ असं कुणी म्हणालं तरीही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

विम्याबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पण तुमच्या पॉलिसीत फक्त दाखल झाल्यावरचा खर्च मिळत असेल तर बाहेरच्या बाहेर घेतलेल्या समुपदेशनाचा मिळणार नाही. ओपीडीचं कलम वाचा.

६. घरी कुणाला, किती सांगायचं

आमच्याकडे आईवडिलांचे फार फोन येतात: ‘मॅडम, मुलगा ऐकत नाही, त्याला जरा समजवा.’ मुलगा सव्वीस वर्षांचा असतो. सज्ञान माणसाची तयारी नसेल तर त्याला ओढून आणून उपयोग होत नाही. तपासणीचं निमित्त सांगून फसवून आणलं तर तो पुढे कुठल्याच दारात पाऊल टाकत नाही. तो येत नसेल तर तुम्ही या. त्याच्याशी घरी कसं बोलायचं, कुठे थांबायचं, यावरही काम होतं आणि ते उपयोगी पडतं.

मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची संमती लागते. पण खोलीत झालेलं सगळंच पालकांना कळणार नाही, हे पहिल्या दिवशी तिघांनी मिळून ठरवा. घरी येताना रिक्षात ‘काय काय विचारलं?’ ही उलटतपासणी करू नका.

नवरा-बायकोंसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये किंवा कौटुंबिक न्यायालयात होणाऱ्या समुपदेशनाचा भर तक्रार, वाद आणि तडजोड यांवर असतो. ते आवश्यक काम आहे, पण मानसोपचार वेगळा. तिथला अनुभव कसाही आला तरी त्यावरून थेरपीबद्दल मत बनवू नका. आणि घरात मारहाण असेल तर सुरुवातीलाच जोडीने बसू नका. खोलीत बोललेल्या शब्दाची किंमत नंतर घरी मोजावी लागते. आधी एकटीने भेटा आणि मारहाणीबद्दल पहिल्याच फोनवर सांगा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

७. ऑनलाइन असेल तर

बंद दार, इअरफोन, चार्ज केलेला फोन. वन-रूम-किचनमध्ये हे कठीण असतं हे मला माहीत आहे. लोक गच्चीवर, बागेतल्या बाकावर, उभ्या केलेल्या गाडीत बसून बोलतात, आणि ते चालतं. चालत्या गाडीत किंवा ऑफिसच्या पँट्रीत नको. तुमचा त्या क्षणीचा पत्ता आणि घरातल्या एका व्यक्तीचा नंबर थेरपिस्टकडे असू द्या.

परदेशातून मराठी थेरपिस्ट शोधणाऱ्यांनी आधी तिथले नियम पाहावेत. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो आणि तुम्ही ज्या राज्यात बसला आहात तिथला लागतो. भारतातल्या व्यक्तीला तुमच्यावर उपचार करता येतील का, हे दोघांनी सुरुवातीलाच बोलून घ्या.

८. पहिली भेट

पहिली भेट बहुतांश माहिती घेण्यात जाते. संमतीपत्रावर सही, मग प्रश्न: झोप, भूक, काम, बालपण, आजार, व्यसन. ‘आता काय करू?’ याचं उत्तर त्या दिवशी मिळेलच असं नाही, आणि घाईने मिळालं तर मला काळजी वाटेल. लग्न मोडायचं का, नोकरी सोडायची का, हे थेरपिस्ट ठरवत नाही. तुम्हाला ठरवता यावं यासाठी ती मदत असते.

बोलायला लागण्यापूर्वी गोपनीयतेबद्दल विचारा. २०१७ च्या कायद्याने तुमच्या माहितीला संरक्षण दिलं आहे, पण त्याला मर्यादा आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती सांगावी लागते. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे आधी माहीत असलं की नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

मग लिहिलेलं पान सरळ वाचून दाखवा. रडू आलं तर येऊ द्या, नाही आलं तरी काही बिघडत नाही. दारू, कर्ज, लग्नाबाहेरचं नातं, जातीबाहेरचं प्रेम या गोष्टी लोक पाचव्या-सहाव्या भेटीपर्यंत लपवतात आणि तोवरची फी जवळजवळ वाया जाते. सांगवत नसेल तर निदान एवढं म्हणा: ‘एक गोष्ट आहे, आज सांगता येत नाहीये.’

निघताना तीन प्रश्न: माझ्या त्रासाबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय वाटतं? पुढे कसं काम करायचं? किती भेटींनी आढावा घ्यायचा?

तपासून पाहा: भेटीनंतर लगेच मीटिंग किंवा घरी पाहुणे ठेवलेत का? निदान अर्धा तास मोकळा ठेवा.

९. दुसऱ्या भेटीपासून पुढे

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर काहींना आधीपेक्षा जड वाटतं. दाबून ठेवलेलं वर येतं. नेमके इथेच लोक गळतात. जड वाटतंय, हे पुढच्या भेटीत पहिलं वाक्य म्हणून सांगा.

गृहपाठ मिळाला तर तो करा. महाराष्ट्रात मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, म्हणजे विचार तपासून भावना बदलण्याची पद्धत, बरीच रुजली आहे, त्यामुळे प्रसंग, विचार, भावना, कृती असे रकाने असलेला कागद हाती येण्याची शक्यता मोठी. तो असा भरायचा: प्रसंग, ‘साहेबांनी मेसेज वाचला, उत्तर नाही’. विचार, ‘मला काढणार’. भावना, भीती, दहापैकी आठ. कृती, ‘रात्रभर फोन बघत बसलो’. सगळ्यात जास्त चूक विचाराच्या रकान्यात होते. लोक तिथे ‘टेन्शन आलं’ लिहितात, ती भावना झाली. त्या क्षणी मनात आलेलं वाक्य लिहायचं असतं. आणि कागद भेटीच्या आदल्या रात्री एकदम भरू नका, प्रसंग घडला त्याच दिवशी भरा.

सूर जुळत नसेल तर गायब होण्याआधी एकदा बोला. तयार वाक्यं देते: ‘तुम्ही लवकर उपाय सांगता, मला अजून बोलायचं असतं.’ ‘गेल्या वेळचं तुमचं एक वाक्य मला लागलं.’ चांगल्या थेरपिस्टच्या कामाला यानेच धार येते. तीन-चार भेटींनंतरही जमत नसेल तर व्यक्ती बदला, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

सावधान: काही गोष्टींवर चर्चा करायची नसते, तिथून उठायचं असतं. लैंगिक सूचक बोलणं किंवा स्पर्श, उसने पैसे मागणं, व्रत-तोडगे सुचवणं, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणं. तक्रार डॉक्टरबाबत वैद्यक परिषदेकडे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबाबत आरसीआयकडे करता येते.

१०. आढावा आणि थांबणं

सहाव्या ते आठव्या भेटीच्या सुमारास ते जुनं पान काढा. पीएचक्यू-९ पुन्हा भरा. लोकलमधून उतरणं कमी झालं का? पहाटेची जाग? विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या पद्धतींत उदासी किंवा चिंतेसाठी साधारण १२ ते २० भेटी लागतात. लहानपणापासूनचे घाव असतील तर त्याहून बऱ्याच जास्त. आठ भेटींत काहीच हललं नसेल तर या तीनपैकी काय बदलायचं ते विचारा: पद्धत, व्यक्ती, की औषधाची जोड.

बरं वाटू लागलं की एकदम येणं बंद करू नका. भेटींमधलं अंतर वाढवत न्या, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. शेवटच्या भेटीत तुमची पहिली तीन लक्षणं कोणती ते लिहून घ्या, म्हणजे त्रास पुन्हा डोकं वर काढू लागला तर लवकर ओळखता येईल. ती यादी घरातल्या एकाला दाखवा. तुमची फाइल किती वर्षं ठेवली जाईल, तिची प्रत हवी असेल तर अर्ज कुणाकडे करायचा आणि परत यायचं झालं तर थेट वेळ मिळेल का, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.